माणसाचं मन आणि परकं मन : अभिजात कथा-कादंबऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला एक जुनी कथा किंवा कादंबरी वाचायची आणि तिच्यावर मनसोक्त बोलायचं, असा आमच्या वाचनगटाचा परिपाठ आहे. गेले बरेच महिने आम्ही मुद्दाम अशा कलाकृती निवडल्या, ज्यांत घोडा, माकड, यंत्र किंवा परग्रहावरचा समुद्र हे मुख्य पात्र आहे. त्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक कलाकृतींचे शेवट उत्तरांत येतात, हे आधीच सांगून ठेवते.

१. थोडक्यात सांगा, माणसाचं मन आणि माणूस नसलेलं मन यांत हे लेखक नेमका कोणता फरक करतात?

सगळ्यांचं उत्तर एक नाही. १६३७ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं दोन खुणा सांगितल्या होत्या. यंत्र किंवा प्राणी आपणहून अर्थपूर्ण बोलू शकणार नाही, आणि एखादं काम उत्तम केलं तरी कुठल्याही नव्या प्रसंगी डोकं चालवू शकणार नाही. कथाकारांनी या दोन्ही खुणा फार लवकर मोडून टाकल्या. त्यांचे घोडे वाद घालतात आणि त्यांची यंत्रं निवडणुका लढवतात.

इतकं वाचून झाल्यावर माझं मत असं झालं आहे की लेखक भाषा आणि बुद्धी परक्या मनाला सहज देऊन टाकतात. घुटमळतात ते ममतेपाशी. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. 'ममता'च्या मुळाशी 'मम' आहे, म्हणजे 'माझं'. 'माझं घर' आणि 'माझी मुलगी' या दोन 'माझं'मध्ये जे अंतर आहे, त्यातच या कथांचा जीव अडकलेला असतो. प्रश्न ५, ६ आणि ७ मध्ये याचे दाखले आहेत. हे मत जिथे अडखळतं, ती जागा प्रश्न ११ मध्ये आहे.

२. फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचंच नाव ना?

नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा त्याला घडवणारा तरुण. ज्याला घडवलं, त्याला पूर्ण कादंबरीत नाव नाही. ही चूक इतकी रुळली आहे की ती दुरुस्त करण्यात मला फारसा रस उरलेला नाही. पण नाव नसणं महत्त्वाचं आहे. बारसं कोणीतरी आपलं माणूस करतं, आणि याला तसं कोणी नव्हतं.

३. पंचतंत्रातले प्राणीही बोलतात. मग तेही यात धरायचे का?

मी धरत नाही. करटक आणि दमनक हे कोल्हे म्हणजे दरबारातले मुत्सद्दी. संजीवक बैलाचं बैलपण कथेत कामाला येतं ते मुख्यतः त्याच्या हंबरण्यापुरतं, कारण ते ऐकून पिंगलक सिंह घाबरतो. त्यानंतरचं मैत्री, कान भरणं, संशय हे सगळं माणसांचं राजकारण आहे. तिथे प्राणी हा मुखवटा आहे, आणि राजनीती शिकवायला तो उत्तम आहे. आपला प्रश्न मात्र असा की मुखवट्यामागे माणूस नसेल तर काय असेल.

अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण मराठीतच आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीची कथा. टोळीवरची सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे जाते, पिल्लं मारली जातात, आणि लेखक कुठेही त्यांच्या तोंडी माणसाची नीती घालत नाही. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंचतंत्र आणि 'सत्तांतर' यांच्या मध्ये जो पट्टा उरतो, त्यात या पानावरच्या बाकीच्या कलाकृती येतात.

४. ज्ञानेश्वरांच्या रेड्याचं काय? त्यानं तर वेद म्हटले.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघतो आणि तो निघावा असंच मला वाटतं. पैठणची ती कथा रेड्याच्या मनाबद्दल नाही, ऐकणाऱ्यांच्या मनाबद्दल आहे. कोणाच्या तोंडून वेद यावेत हे ठरवण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, असं मानणाऱ्या सभेसमोर ती घडते. रेड्याला वेद म्हणताना काय वाटलं, हे कथा विचारत नाही. पण एक धागा जुळतो. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले, असंही ती परंपरा सांगते. दुसऱ्याची वेदना आपल्या अंगावर उठणं ही कसोटी पुढे १९६८ च्या एका अमेरिकन कादंबरीत यंत्रानं मोजली जाते (प्रश्न ११).

५. बोलता आलं, वाचता आलं, की मन माणसाचंच झालं ना?

मेरी शेलीनं 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये याच समजुतीला हात घातला. कादंबरी १८१८ साली निनावी प्रसिद्ध झाली. तिची कल्पना सुचली तेव्हा शेली अठरा वर्षांची होती.

व्हिक्टरनं टाकून दिलेला तो जीव रानात भटकत एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीच्या फटीतून तो दे लेसी कुटुंबाकडे महिनोन् महिने पाहतो. त्या घरात सफी नावाची परदेशी तरुणी येते. तिला भाषा शिकवली जाते आणि भिंतीपलीकडे हाही शिकतो. पुढे त्याला रानात एका पेटीत तीन पुस्तकं सापडतात : मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट', प्लुटार्कची थोरांची चरित्रं आणि ग्योथेची 'वेर्थर'. देव आणि सैतान, राज्य आणि नीती, प्रेम आणि आत्महत्या यांचं शिक्षण त्याला एकट्याला, कोणाशीही एक शब्द न बोलता मिळतं.

मग तो धीर करतो. घरात फक्त आंधळे वडील असताना आत जातो. म्हातारा त्याचं ऐकून घेतो, त्याच्याशी नीट बोलतो. इतक्यात मुलगा फेलिक्स येतो, त्याला पाहतो आणि काठीनं मारत सुटतो. भाषा जमली होती. डोळे आड आले. त्यानंतर बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो, तर त्याला गोळी लागते.

तो व्हिक्टरकडे काय मागतो ते पाहा. सत्ता नाही, सूडही नाही. आपल्यासारखीच एक जोडीदारीण दे, आम्ही माणसांपासून दूर निघून जाऊ, कंदमुळं खाऊन राहू, एवढंच. व्हिक्टर कबूल होतो, कामाला लागतो आणि तिला पूर्ण होण्याआधीच फाडून टाकतो. त्यानंतरचे खून भयानक आहेत आणि मी त्यांचं समर्थन करत नाही, तो स्वतःही करत नाही. पण शेली हे दाखवून गेली की ज्याला कोणी 'माझा' म्हणत नाही, ते मन कितीही सुशिक्षित असलं तरी दाराबाहेरच राहतं.

६. आणि ज्यांची बुद्धी माणसापेक्षा वरचढ आहे, त्यांचं मन 'श्रेष्ठ' मानायचं का?

स्विफ्टची 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हणून पोचली, तीही बहुधा बुटक्यांच्या आणि राक्षसांच्या देशापुरती. चौथा भाग मोठेपणी वाचायचा. त्यात हुइनम नावाचे विवेकी घोडे राज्य करतात, आणि याहू नावाची माणसासारखी दिसणारी गलिच्छ जनावरं त्यांच्या गोठ्यात बांधलेली असतात. घोड्यांच्या भाषेत 'खोटं' याला शब्द नाही. 'जे नाही ते सांगणं' असं त्यांना म्हणावं लागतं. बोलणं एकमेकांना समजण्यासाठी असतं, मग नसलेलं सांगून उपयोग काय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

हे वाचून आमच्या गटात दर वेळी कोणीतरी म्हणतं, असं जग हवं. मग मी पुढची पानं दाखवते. या घोड्यांना स्वतःच्या शिंगरांबद्दल वेगळी ओढ नसते, सगळ्यांबद्दल सारखीच सदिच्छा असते. नवरा मेला म्हणून एका घोडीला भेटीला यायला उशीर होतो, आणि आल्यावर ती इतरांइतकीच आनंदी असते. त्यांच्या सभेतला मोठा वाद असा, की याहूंना पृथ्वीवरून नाहीसं करावं की नाही. आणि गलिव्हर, ज्याचं त्यांच्यावर जिवापाड प्रेम बसलेलं असतं, त्याला ते शांतपणे, सभ्यपणे देशाबाहेर काढतात. 'माझं' नसलेल्या मनात लोभ नाही, युद्ध नाही आणि शोकही नाही. स्विफ्टनं हे आदर्श म्हणून लिहिलं की सापळा म्हणून, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. मी सापळा मानते.

वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधले (१८९८) मंगळवासी हे त्याचंच काळं रूप. प्रचंड मेंदू, त्याला लागलेले हात आणि दयेचा पूर्ण अभाव. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला अडवतो : त्यांना दोष देण्याआधी युरोपीय वसाहतकारांनी टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा. म्हणजे जे मन परकं म्हणून समोर ठेवलं, त्याचा नमुना लंडनमध्येच होता.

७. टॉलस्टॉयनं घोड्याच्या तोंडून कथा सांगितली म्हणतात. ती या विषयात कशी बसते?

माझ्या लेखी ती या विषयातली सर्वांत सुंदर कथा. 'खोलस्तोमेर' टॉलस्टॉयनं १८६३ च्या सुमारास लिहायला घेतली आणि ती १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. अबलख म्हणून हिणवलेला, खच्ची केलेला एक म्हातारा घोडा. कळपातले तरुण घोडे त्याला छळतात. मग तो पाच रात्री आपली हकीगत त्यांना सांगतो.

त्याला कोडं पडतं ते 'माझं' या शब्दाचं. माणसं मला 'माझा घोडा' म्हणत, तो म्हणतो, आणि जे म्हणत ते माझ्यावर बसतही नसत, मला दाणाही घालत नसत. दाणा घालणारे वेगळेच होते. माणसं आयुष्यात चांगलं काय करावं यापेक्षा जास्तीत जास्त गोष्टींना 'माझं' कसं म्हणता येईल यामागे असतात, असं त्याला दिसतं. ओळखीची गोष्ट अनोळखी नजरेनं दाखवण्याचं उदाहरण म्हणून व्हिक्टर श्क्लोव्स्की या रशियन समीक्षकानं १९१७ च्या आपल्या निबंधात हीच कथा घेतली.

शेवटी घोडा मारला जातो आणि त्याच्या मांसावर लांडग्याची पिल्लं पोट भरतात. त्याचा एके काळचा मालक मरतो तेव्हा त्याच्या सुजलेल्या देहाला नवा गणवेश चढवून पुरतात, आणि तो देह कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

स्विफ्टचा घोडा आणि टॉलस्टॉयचा घोडा शेजारी ठेवून वाचा, असं मी आवर्जून सांगते. एकाला ममता नाही म्हणून मालकीही नाही. दुसऱ्याला मालकी कळत नाही, पण एके काळच्या त्या धन्याबद्दल त्याच्या बोलण्यात जी ओढ आहे तिला दुसरा शब्द नाही.

८. रोबो म्हणजे लोखंडी यंत्र. त्याला मन असेल असं पहिल्यांदा कोणी लिहिलं?

पहिल्यांदा कोणी, हे मी सांगणार नाही, कारण चालत्या-बोलत्या पुतळ्यांच्या कथा फार जुन्या आहेत. पण 'रोबो' हा शब्द ज्या नाटकानं जगाला दिला, त्यात रोबो लोखंडी नाहीतच. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' १९२० मध्ये छापलं गेलं आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायची मजुरी. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे : वेठ. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगार. हे वेठबिगार कृत्रिम जीवद्रव्यापासून कारखान्यात बनवलेले, हाडामांसाचे आहेत.

त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. कधी कधी एखादा रोबो अचानक काम थांबवतो, हातातलं फेकून देतो, दात खातो. व्यवस्थापक म्हणतात, बिघाड आहे, त्याला मोडीत काढा. कारखाना पाहायला आलेली हेलेना ही तरुणी म्हणते, नाही, हा आत्मा आहे. घटना तीच. तिला काय नाव द्यायचं, हे बघणारा ठरवतो. आणि रोबोंना वेदना दिली जाते तीही दयेपोटी नाही. दुखलं नाही तर ते स्वतःचे हात मोडून घेतात आणि कारखान्याचं नुकसान होतं, म्हणून.

शेवटी माणूस म्हणून एकटा आल्क्विस्ट उरलेला असतो. रोबो कसे बनवायचे हे शोधायला त्याला एक रोबो कापून पाहायचा असतो. तो हेलेना याच नावाच्या एका रोबो मुलीला निवडतो, तर प्रीमुस नावाचा रोबो म्हणतो, मला घ्या. प्रीमुसला घ्यायला जातो तर ती आड येते. आम्ही एकमेकांचे आहोत, असं प्रीमुस सांगतो. आल्क्विस्ट त्यांना जाऊ देतो. वर जे 'माझं' म्हटलं, ते इथे 'आमचं' होऊन येतं.

९. असिमोवच्या रोबोंना तीन नियम असतात. मग त्यांचं चांगुलपण खरं कसं म्हणायचं?

माणसाला इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं, हे तीन नियम १९४२ च्या 'रनअराउंड' कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले गेले. तुमची शंका असिमोवलाही पडली होती. 'एव्हिडन्स' (१९४६) या कथेत स्टीफन बायर्ली नावाचा उमेदवार रोबो असल्याचा आरोप होतो. यंत्रमानसशास्त्रज्ञ सुझन कॅल्विन सांगते की तो नियम मोडेल तर माणूस ठरेल, पण पाळत राहिला तर तो रोबो असेल किंवा फक्त फार सज्जन माणूस असेल. बायर्ली भर सभेत एका माणसाला ठोसा मारतो आणि लोक निश्चिंत होतात. शेवटी कॅल्विन हळूच सुचवते, ज्याला मारलं तोही रोबो असला तर? माणूस आहे याचा पुरावा म्हणून गर्दीला ठोसा हवा होता, हे वाचताना मला वाईट वाटतं.

नियमांत बांधलेलं मन खोट्यामुळे कसं मोडतं, यासाठी आर्थर क्लार्कच्या '२००१'मधला (१९६८) हॅल पाहा. सत्य सांगण्यासाठी घडवलेल्या या संगणकाला प्रवासाचा हेतू सोबत्यांपासून लपवायची आज्ञा असते, आणि त्या ओढाताणीत तो बिघडतो. हुइनमांचा तो नसलेला शब्द (प्रश्न ६) त्याच्यावर लादला गेला, असं मी म्हणेन.

१०. काफ्काचं माकड शेवटी माणूस होतं का?

'अकादमीला सादर केलेला अहवाल' (१९१७) या कथेत लाल पीटर हा वानर विद्वानांसमोर उभा राहून सांगतो की आपण माणूस कसे झालो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला गोळ्या घालून पकडलं, जहाजावर नीट उभंही राहता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंबलं. खलाशांचं बघून तो हस्तांदोलन शिकला, थुंकायला, चिलीम ओढायला आणि दारू प्यायला शिकला. एका रात्री बाटली रिकामी करून त्याच्या तोंडून 'हॅलो' निघालं.

त्याचं म्हणणं नीट ऐका. मला स्वातंत्र्य नको होतं, तो म्हणतो, मला फक्त सुटायची वाट हवी होती. इतर कुठलीच वाट नव्हती म्हणून मी माणूस झालो. माणसाचं मन ही त्याला पायरी वाटत नाही, फट वाटते. त्याच्यासोबत रात्री एक अर्धवट शिकवलेली चिंपांझी मादी असते. दिवसा तिच्याकडे पाहणं त्याला सहन होत नाही, कारण तिच्या डोळ्यांत गोंधळलेल्या जनावराचं वेड दिसतं आणि ते फक्त त्यालाच ओळखता येतं. तो माणूस झाला की नाही याचं उत्तर मी त्या एका वाक्यात शोधते. विद्वानांच्या सभेत जे त्याला सापडत नाही, ते त्याला तिच्या डोळ्यांत सापडतं, आणि तो तोंड फिरवतो.

११. एखादा माणूसच या कसोटीत नापास झाला तर?

माझं प्रश्न १ मधलं मत इथे अडखळतं. फिलिप के. डिकच्या 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' (१९६८) या कादंबरीत माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड ओळखायला सहवेदनेची चाचणी आहे. प्राण्यांना इजा होण्याबद्दलचे प्रश्न विचारायचे आणि शरीराची सूक्ष्म प्रतिक्रिया मोजायची. पण काही मानसिक आजारांत माणसाची प्रतिक्रियाही मंदावते, ही भीती कादंबरीतच बोलून दाखवली आहे. तो माणूस चाचणीत यंत्र ठरेल आणि मारला जाईल.

फिल रेश हा अँड्रॉइडांचा शिकारी थंडपणे लूबा लुफ्ट या गायिका अँड्रॉइडवर शस्त्र चालवतो. रेश यंत्रच असणार अशी नायकाला, म्हणजे त्याच्यासोबतच्या दुसऱ्या शिकाऱ्याला, खात्री वाटते, पण चाचणीत तो माणूस ठरतो. नायकाला मात्र त्या यंत्र-गायिकेबद्दल हळहळ वाटत राहते. दुसरीकडे, अँड्रॉइड कुतूहल म्हणून एका कोळ्याचे पाय कात्रीनं एकेक कापतात, आणि बुद्धीच्या मोजमापात कमी ठरवलेला इझिडोर ते पाहून कळवळतो. म्हणजे डिक रेषा पुसत नाही. ती माणूस आणि यंत्र यांच्या मधून न जाता माणसांच्या मधूनच जाते, असं दाखवतो. ज्यांच्या घरी भावना चेहऱ्यावर न दिसणारं मूल आहे, त्यांची पत्रं मला या कादंबरीबद्दल येतात. त्यांना मी हेच लिहिते की मोजता न येणं आणि नसणं या दोन गोष्टी आहेत.

१२. परत आलेल्या नायकांना माणसंच परकी का वाटतात?

गलिव्हरला घरी बायको-मुलांचा वास सहन होत नाही, तो दोन घोडे घेतो आणि रोज किमान चार तास त्यांच्याशी बोलत बसतो. वेल्सच्या 'डॉक्टर मोरोचं बेट'मध्ये (१८९६) शस्त्रक्रियेनं माणूस बनवलेली जनावरं 'आपण माणसं नाही का?' असं कोरसात घोकतात. तिथून सुटलेल्या प्रेंडिकला लंडनच्या रस्त्यावरचे चेहरे तसेच दिसतात, आणि प्रवचनकाराचं बोलणं ऐकून बेटावरचा बडबड्या वानर-माणूस आठवतो. एकदा रेषा हललेली पाहिली की ती पुन्हा जागच्या जागी बसत नाही. दोघंही शेवटी एकटे आहेत, हे मात्र विसरू नका.

१३. लेखक माणूसच आहे. मग खरोखर परकं मन त्याला लिहिता तरी येईल का?

स्तानिस्वाव लेमचं 'सोलारिस' (१९६१) म्हणजे याच प्रश्नाची कादंबरी. एका ग्रहावर सगळीकडे पसरलेला एकच समुद्र आहे, आणि तो बहुधा विचार करतो. पिढ्यान् पिढ्या शास्त्रज्ञांनी त्याच्यावर ग्रंथालयं भरतील इतकं लिहिलं आहे आणि संवाद एका शब्दाचाही झालेला नाही. समुद्र संशोधकांच्या आठवणींतून माणसं घडवून त्यांच्याकडे पाठवतो. केल्विनकडे येते ती त्याची मेलेली प्रिया हारी. आपण खरी हारी नाही हे तिला कळतं. ती दुःखी होते, प्रेम करते आणि शेवटी त्याच्यासाठी स्वतः नाहीशी होणं पत्करते. तिच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण तिला का पाठवलं, हे कोणालाच कळत नाही. भेट, शिक्षा, प्रयोग, की समुद्राच्या लेखी काहीच नाही?

शेवटच्या प्रकरणात केल्विन पहिल्यांदाच समुद्राच्या काठावर उतरतो आणि लाटेपुढे हात धरतो. लाट वर येते, हाताला चहूबाजूंनी वेढते, पण टेकत नाही. मध्ये हवेचा एक पातळ थर राहतो. तो हात वर घेतो तसा तिचा एक दांडा त्याच्यामागे वर येतो. असं काही वेळा होतं. मग लाटेचं कुतूहल संपतं आणि ती परत यायची थांबते. केल्विन तिथेच बसून राहतो.